गोव्यात घरी बसून संस्थांसाठी ग्रँट प्रपोजल लिहायचं काम कसं सुरू करायचं

कॉम्प्युटर येतो, टायपिंग बरं आहे, एक्सेलमध्ये हिशेब मांडता येतो, मराठी पक्की आणि इंग्रजी कामापुरतं लिहिता येतं, पण घरच्या जबाबदारीमुळे रोज पणजीला नाहीतर वेर्ण्याला नोकरीला जाणं जमत नाही, अशी गोव्यात खूप मंडळी आहेत, लग्न होऊन गावात आलेल्या सुना आहेत, रिटायर झालेले मास्तर आहेत, बीकॉम करून घरी बसलेली मुलं आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय. सामाजिक संस्थांसाठी प्रपोजल लिहिणं, म्हणजे कंपनीच्या सीएसआर फंडाकडे (कायद्याने कंपनीला समाजकामावर खर्च करावा लागणारा पैसा) किंवा एखाद्या ट्रस्टकडे, फाउंडेशनकडे पैसे मागणारा अर्ज तयार करणं, हे जवळजवळ सगळं काम घरून होतं. आणि गोव्यात त्याची गरज खूप आहे, कारण इथल्या बऱ्याच संस्था जीव तोडून काम करतात पण त्यांच्याकडे कागदावर मांडणारं माणूस नसतं, सगळं सेक्रेटरीबाईंच्या डोक्यात असतं.

बहुतेकांना वाटतं की हे काम म्हणजे भारी इंग्रजी. तसं नाही. इंग्रजी नंतर दुरुस्त करता येतं, त्यासाठी टूल्स आहेत, मित्र आहेत. खरं काम आहे विचारून विचारून माहिती काढायचं, ती आकड्यात मांडायचं, आणि ज्याच्याकडे पैसे मागतोय त्याला नेमकं काय हवंय ते वाचायचं. गावातल्या माणसाशी मराठी-कोंकणीत बोलून माहिती काढता येणं ही तुमची मोठी ताकद आहे, मुंबई-दिल्लीत बसलेल्या कन्सल्टंटकडे ती नसते.

आधी कागद, मग लिखाण

कुठल्याही संस्थेचं काम घेतलंत की पहिल्या दिवशी एक शब्दही लिहू नका, एक ड्राइव्ह फोल्डर करा आणि कागद मागा. संस्थेचं रजिस्ट्रेशन (गोव्यात बऱ्याच संस्था १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्टखाली असतात, काही ट्रस्ट, काही सेक्शन ८ खालच्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपन्या), पॅन, १२ए (संस्थेला इन्कम टॅक्समधून सूट), ८०जी (देणगीदाराला टॅक्समध्ये सवलत), संस्थांची नोंद असते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, शेवटच्या ३ वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, कमिटी मेंबरांची यादी. सीएसआरचे पैसे हवे असतील तर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर लागतोच, १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे, आणि तो मिळायला १२ए आणि ८०जी दोन्ही लागतात, शिवाय कामाचा ३ वर्षांचा अनुभव. यातलं काही नसेल तर तसं स्पष्ट सांगा, की ताई, आधी हे करून घेऊया, नाहीतर अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर जाईल. १२ए आणि ८०जीला मुदत असते, तारीख संपलेलं सर्टिफिकेट बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये तसंच पडलेलं असतं, ते तपासा. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच तुमची किंमत ठरते, कारण कागद नीट लावून देणारा माणूस संस्थेला पुन्हा पुन्हा लागतो.

सीएसआर म्हणजे काय ते नीट समजून घ्या

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एकदा स्वतः वाचा, मोठं नाहीये. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. कशावर खर्च करता येतो ते शेड्युल ७ मध्ये दिलंय. त्यात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण वगैरे आहेच, पण आपल्याकडे लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे त्यात सार्वजनिक वाचनालयं, पारंपरिक कला आणि हस्तकलाही आहेत. म्हणजे गावातलं वाचनालय किंवा पेडण्यातली दशावतारी मंडळी जर मुलांना वर्षभर शिकवत असतील तर तेही यात बसवता येतं. पण नाट्यमहोत्सवाला, मॅरेथॉनला, बक्षीस समारंभाला पैसे मागाल तर नाही, एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. म्हणून महोत्सवाचं प्रपोजल घेऊन कोणी आलं तर त्यांना विचारा की वर्षभर काय करता, आणि त्यावर लिहा.

याच कलमात अजून एक वाक्य आहे जे गोव्यासाठी सोन्यासारखं आहे, कंपनीने जिथे तिचं काम चालतं त्या भागाला प्राधान्य द्यावं असं. सक्ती नाही, पण प्राधान्य आहे. आता वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कितीतरी कारखाने आहेत ज्यांची मुख्य ऑफिसं दुसऱ्या राज्यात आहेत आणि सीएसआरचा निर्णय तिकडे होतो. तिथल्या मॅनेजरला कुंडई कुठे, माशेल कुठे काही माहीत नसतं. तुमच्या प्रपोजलमध्ये सरळ लिहा की आमचं गाव तुमच्या प्लांटपासून इतक्या किलोमीटरवर आहे, मॅपचा स्क्रीनशॉट लावा. कंपनीची सीएसआर कमिटी, पॉलिसी आणि मंजूर प्रोजेक्ट तिच्या वेबसाइटवर असणं बंधनकारक आहे, आणि मागच्या वर्षी कुणाला किती दिले ते अॅन्युअल रिपोर्टमध्ये असतं, सरकारच्या सीएसआर पोर्टलवरही कंपनीनुसार आकडे बघता येतात. अर्ध्या दिवसात कळतं की ही कंपनी ५ लाखाचे प्रोजेक्ट घेते की ५० लाखाचे. खाणपट्ट्यातली संस्था असेल तर डिस्ट्रिक्ट मिनरल फाउंडेशनचाही विचार करा, तो पैसा खाणीमुळे बाधित झालेल्या भागासाठीच असतो.

गोवा श्रीमंत आहे, मग पैसे कशाला

हा प्रश्न येणारच. बाहेरच्या फंडरला, म्हणजे पैसे देणाऱ्याला, गोवा म्हणजे बीच. दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या नंबरांत, २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८८.७० टक्के, नीती आयोगाच्या ११२ आकांक्षी (म्हणजे मागे पडलेल्या) जिल्ह्यांत गोव्यातला एकही जिल्हा नाही. राज्याच्या आकड्यांवर प्रपोजल लिहिलंत तर तुम्हीच तुमच्या विरोधात लिहिल्यासारखं होतं. म्हणून खाली उतरा, तालुक्यावर, गावावर, वाड्यावर. जनगणनेच्या डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुकमध्ये गावनिहाय माहिती फुकट मिळते, दवाखाना किती लांब, शाळा कुठली, सगळं. सरकारच्या युडायस प्लस पोर्टलवर शाळानिहाय माहिती मिळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उत्तर आणि दक्षिण गोव्याचे वेगवेगळे फॅक्टशीट आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची टक्केवारी १० च्या थोडी वर आहे, हे बाहेरच्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या पट्ट्यातल्या ट्रकवाल्यांच्या, मजुरांच्या घरांचं काय झालं, हे तुम्ही जवळून बघितलंय. ते लिहा. सगळे आकडे देताना वर्ष आणि स्रोत लिहा, आकडा जुना असेल तर जुना आहे असं लिहा, फंडर रागावत नाही, उलट विश्वास बसतो.

विचारायचं कसं

एक उदाहरण घेऊया. समजा वाळपईच्या पुढच्या एका गावातली संस्था संध्याकाळचं अभ्यास केंद्र चालवते आणि त्यांना मदत हवीय. त्यांनी पाठवलेल्या कागदावर असतं, "ग्रामीण भागातील गरीब व गरजू मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी संस्था सातत्याने कार्यरत आहे." हे वाक्य हजार संस्थांच्या अर्जात असतं, त्यातून काहीच कळत नाही. मग फोन लावायचा. सेक्रेटरीबाई म्हणतात, मुलांना खूप फायदा होतो गो बाय. तुम्ही विचारायचं, फायदा म्हणजे काय झालं ताई? अभ्यास सुधारला. बरं, कसं कळलं? आणि इथे गप्प राहायचं, घाई करायची नाही. मग थोड्या वेळाने त्या सांगतात की आधी दोघंतिघं नववीतूनच शाळा सोडून कामाला लागायची, यंदा सगळे दहावीच्या परीक्षेला बसले. हे सापडलं की तुमचं प्रपोजल सापडलं. मग पुढचे प्रश्न, किती मुलं, मुली किती, कितवीतली, घरी कधी जातात, बस कधीची, न येणारी मुलं का येत नाहीत, हजेरीपट आहे का. हजेरीपट आहे म्हटल्यावर त्याचे फोटो मागायचे, कारण उद्या फंडरने विचारलं तर पुरावा हवा.

आता तेच लिहायचं असं: "गावातली पाचवी ते दहावीची ६० मुलं रोज संध्याकाळी केंद्रात येतात, त्यातल्या ३४ मुली. बहुतेकांचे आईवडील काजूच्या बागेत आणि कुळागरात मजुरीला जातात, घरी अभ्यास घेणारं कोणी नसतं. यंदा केंद्रातली दहावीची सगळी मुलं परीक्षेला बसली." साधी वाक्यं आहेत, इंग्रजीतही साधीच ठेवा. फोन रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा.

बजेट

प्रपोजल वाचणारा माणूस बऱ्याचदा आधी बजेट उघडतो, म्हणून ते एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याने करा, हाताने बेरीज टाइप करू नका, एक आकडा बदलला की सगळं आपोआप बदललं पाहिजे. वरच्याच केंद्राचं बघा. तीन शिक्षकांचं मानधन प्रत्येकी महिना ८,००० रुपये, १० महिने, झाले २,४०,०००. खाऊ ६० मुलांना दिवसाला १५ रुपये, २०० दिवस, झाले १,८०,०००. वह्या-पुस्तकं मुलामागे ५००, म्हणजे ३०,०००. समन्वयकाला महिना १०,००० प्रमाणे १० महिन्यांचे १,००,०००. हिशेब आणि ऑडिट २०,०००. एकूण ५,७०,०००, एका मुलामागे वर्षाला ९,५००. प्रत्येक ओळीत संख्या, दर, महिने असे वेगळे कॉलम ठेवा आणि शेजारी एक वाक्य की हा दर कुठून आला. संस्था स्वतः काय घालतेय तेही दाखवा, जागा पंचायतीची फुकट मिळत असेल तर त्याचीही ओळ टाका.

एक गैरसमज सगळीकडे आहे. सीएसआरमध्ये अॅडमिन खर्च ५ टक्केच चालतो म्हणून संस्था बिचाऱ्या समन्वयकाचा पगारच काढून टाकतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर ऑफिसच्या खर्चाला आहे, प्रोजेक्ट चालवायला, त्यावर देखरेख ठेवायला जो थेट खर्च होतो तो त्यात येत नाही. कंपनीची स्वतःची वेगळी अट असू शकते, ती विचारून घ्या, पण स्वतःहून पगार कापू नका. माणसाला पैसे न देता प्रोजेक्ट चालत नाही आणि मग जूनमध्ये सुरू झालेलं केंद्र गणेश चवथीनंतर बंद पडतं.

परदेशातला पैसा

इथे जपून. परदेशी पैसा घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालचं रजिस्ट्रेशन किंवा प्रायर परमिशन, म्हणजे आधी घेतलेली परवानगी लागते, पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, २०२० च्या दुरुस्तीनंतर अॅडमिन खर्चाची मर्यादा २० टक्के झालीय आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आहे. एफसीआरए नसेल तर परदेशी फाउंडेशनला अर्ज लिहून देऊ नका, संस्था अडचणीत येईल.

गोव्यात यातला एक मुद्दा घराघरातला आहे. गावातला माणूस गल्फमध्ये आहे, भारतीय पासपोर्ट आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत संस्थेला देणगी दिली तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याच्याच भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल आणि तो लंडनहून पाठवत असेल तर ती परदेशी देणगी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं तरी. दोघेही गावचेच, दोघांनाही गावाबद्दल माया, पण कायदा पासपोर्ट बघतो. देणगीदारांची यादी करताना हा कॉलम ठेवाच.

तुमची स्वतःची फी मात्र वेगळी गोष्ट आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या संस्थेसाठी तुम्ही घरून लिहून दिलंत आणि त्यांनी फी दिली तर ते कामाचे पैसे आहेत, देणगी नाही. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा कोड) विचारेल, पैसे आल्याचं सर्टिफिकेट मागून फाइलला लावा.

कॉम्प्युटरचं नेमकं काय यायला हवं

फार काही नाही पण जे येतं ते पक्कं हवं. गुगल डॉक्समध्ये सजेशन मोड, कमेंट आणि व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे कोणी चुकून अर्धा मजकूर उडवला तरी परत आणता येतो. पोर्टलवर थेट टाइप करू नका, पोर्टल मधेच लॉगआउट होतं आणि सगळं जातं, आधी सगळे प्रश्न शीटमध्ये उतरवा, शेजारी उत्तर, शेजारी अक्षरं मोजणारा लेन (LEN) फॉर्म्युला, म्हणजे अक्षरांची मर्यादा ओलांडली की लगेच दिसतं. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते नीट वाचा. अर्ज मराठीत असेल तर मात्रा, वेलांटी, अनुस्वार हेही बहुतेक ठिकाणी वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, त्यामुळे मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो.

जुन्या संस्थांचे अहवाल श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात, ते कॉपी केले की चिन्हांचा कचरा येतो. कन्व्हर्टर वापरा, नाहीतर स्कॅन ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सने उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचला जातो, आकडे मात्र एकेक करून मूळ कागदाशी ताडून बघायचे. पीडीएफ जोडणं, लहान करणं, फाइलला नीट नाव देणं (ऑडिट रिपोर्ट, वर्ष, संस्थेचं नाव) हे रोजचं काम आहे. एआय टूल इंग्रजी सुधारायला, लांब उत्तर २०० शब्दांत बसवायला चांगलं आहे, पण त्याने दिलेला एकही आकडा मूळ स्रोत बघितल्याशिवाय अर्जात घालायचा नाही, आणि मुलांची नावं, आधार नंबर, आजारांची माहिती त्यात टाकायची नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे हे एक कारण, आणि त्या लोकांनी संस्थेवर विश्वास ठेवून ती माहिती दिलेली असते हे त्याहून मोठं कारण. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नको.

पावसाचं नियोजन आत्ताच करा. जून ते सप्टेंबर लाइट जाणं, नेट जाणं हे गोव्यात धरूनच चालायचं, सत्तरी-सांग्याच्या दऱ्याखोऱ्यात तर कधीही. राउटरला छोटा यूपीएस, दुसऱ्या कंपनीचं सिम, फाइल ऑफलाइन ठेवणं, आणि सबमिशन शेवटच्या तारखेच्या निदान दोन दिवस आधी. मीटिंगची वेळ ठरवताना उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला फरक बघा, न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेसात.

काम कुठे मिळतं, पैसे किती मागायचे

पहिलं काम ओळखीतलं घ्या, महिला मंडळ, दिव्यांग मुलांची शाळा, वाचनालय. त्यातून तयार झालेलं प्रपोजल नावं काढून नमुना म्हणून ठेवायला परवानगी मागा. मग लिंक्डइन, डेव्हनेटजॉब्स, एनजीओबॉक्स, आयडियलिस्ट, अपवर्क इथे बघत राहायचं, रिमोट कामं येतात. "कोट्यवधीचा सीएसआर फंड मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" म्हणणारे लोक गावोगाव फिरतात, त्यांच्याशी संबंध ठेवू नका आणि संस्थांनाही सावध करा.

मिळालेल्या ग्रँटवर टक्केवारी घ्यायची नाही. संस्था स्वतःच म्हणते, पैसे आले की १० टक्के देऊ, ऐकायला बरं वाटतं, पण तो पैसा मुलांच्या खाऊचा असतो, त्यातून तुमचा हिस्सा काढला की बजेट खोटं ठरतं. अमेरिकेतल्या ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशनच्या आचारसंहितेतही अशी टक्केवारी चालत नाही. कामाचे तास मोजा, वाचन, फोन, बजेट, दुरुस्त्या सगळं धरून एका प्रपोजलचा ठरावीक आकडा सांगा, निम्मे आधी, निम्मे ड्राफ्ट दिल्यावर, आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते ईमेलवर लिहून घ्या. ग्रँट मिळो न मिळो, फी ठरलेली. छोट्या संस्थेला कमी लावायची असेल तर लावा, पण बिलावर पूर्ण रक्कम आणि सवलत दोन्ही लिहा. टीडीएस कापला असेल तर तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतोय का बघा. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदवावा लागत नाही, पुढे गेलात तर सीएला भेटा.

सबमिट झाल्यावर कन्फर्मेशनचा ईमेल आणि पाठवलेली फायनल पीडीएफ फोल्डरमध्ये टाका, आणि एक शीट करा, फंडर, तारीख, रक्कम, कोणाशी बोललो, काय उत्तर आलं. नकार आला तर दोन ओळींचा नम्र ईमेल पाठवून कारण विचारा, बरेच जण सांगतात, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे अर्ज जातो तेव्हा ती ओळ उपयोगी पडते. मंजूर झालं तर लगेच रिपोर्टिंगच्या तारखा कॅलेंडरमध्ये घाला, तिमाही अहवाल, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), आणि संस्थेला पहिल्याच आठवड्यात सांगा की प्रत्येक खर्चाचं बिल संस्थेच्या नावावर घ्या, खाऊवाल्याचं हाताने लिहिलेलं असलं तरी तारीख आणि सही पाहिजे.